टिटवीची अंडी आणि प्रेमदासचं बोट

अंडी चारच, पण बंडोपंत गुरुजींना त्यांतून बरंच सुटणार होतं: पेपरात फोटो, केळझरच्या पारावर पंधरा दिवस मधली जागा, आणि ‘गुरुजी, यंदा पाऊस कसा?’ असं विचारत येणारी माणसं. टिटवीची अंडी मोजून ते पावसाचे महिने सांगत. अंडी मात्र दर मे महिन्यात प्रेमदास शोधून द्यायचा, कारण टिटवी त्याच्याच मुरमाड पडीकात बसायची. मागच्या वर्षी फोटोत गुरुजी अख्खे आले. प्रेमदासचं फक्त बोट आलं, अंड्यांकडे दाखवणारं. खाली नाव एकच. तो पेपर त्यानं वर्षभर जपून ठेवला.

यंदा तो स्वतःच गुरुजींकडे गेला. “बसली, गुरुजी. पण उन्हानं अंडे शिजतीन. बाजूले तुराट्यांचे भारे उभे करून देऊ काय, सावलीले?”

“कर की. तुलाही सुचतं रे कधीकधी,” गुरुजी म्हणाले, आणि बातमीदाराला शनिवार दिला.

टिटवी उघड्यावर उगाच बसत नाही, हे प्रेमदासला पक्कं ठाऊक होतं. अंडी खड्यांच्या रंगाची, आणि मुंगूस पन्नास पावलांवर असतानाच तिला दिसतं. आडोसा झाला की तिचे डोळे गेले आणि मुंगसाला वाट मिळाली. त्यानं तुरीच्या वाळक्या काड्यांचे ते भारे कुंपणापासून थेट घरट्यापर्यंत लावले.

“गुरुजीचा राग गुरुजीवर काढा,” त्याची बायको सीताबाई म्हणाली. “त्या पाखरानं तुमचं काय केलं?”

“मले फोटोतून कापलं तवा कोणी पुसलं काय?”

शनिवारी गुरुजी इस्त्रीच्या सदऱ्यात उकिडवे बसले. खड्ड्यात नुसती टरफलं. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. बातमीदारानं घड्याळ पाहिलं.

“अरे, दाखव ना,” गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले.

“काय दाखवू, गुरुजी?” प्रेमदासचे दोन्ही हात खिशात होते.

तो आठवडा पारावरची मधली जागा प्रेमदासची; गुरुजींची फजिती सगळ्यांना त्याच्याच तोंडून ऐकायची होती.

जूनच्या तोंडाशी टिटवी पुन्हा बसली. गुरुजींच्या नव्या घराच्या स्लॅबवर, उरलेल्या गिट्टीत. मुंगसानं चढावं असा जिना अजून झालाच नव्हता. या वेळी अंडी तीन. गुरुजींनी शिडी लावली, बातमीदार आला, तीन महिने पाऊस छापून आला. बोटाची गरज पडली नाही.

मुंगसाचं पोट भरलं, गुरुजींचा फोटो आला, प्रेमदासचं पडीक ओस पडलं. भरणा केला तो टिटवीनं, चार अंड्यांचा. आणि तिला तर फोटोही नको होता.