मठारलेला पत्रा

"आजोबा, अहो हे काय केलंत?" उत्कर्षाने तांब्याचा पत्रा उन्हात धरला आणि ती गच्चीच्या कठड्याला टेकलीच.

पत्रा लखलखत होता. या कडेपासून त्या कडेपर्यंत हातोडीचे एकसारखे ठोके, ओळीने उमटलेले.

"मठारलाय," रंगनाथ तांबट म्हणाले. "नुसता सपाट पत्रा काय, बाजारात मिळतो."

"पण मी सपाटच मागितला होता!"

बाजूला बसलेल्या त्यांच्या बायकोने, द्वारकाबाईंनी, चटकन नवऱ्याकडे पाहिलं. त्या लग्न होऊन तांबट आळीत आल्या, तेव्हा ठोक्यांच्या आवाजात सासूबाई कामं खुणेनेच सांगायच्या. आता आळीत मोजक्याच हातोड्या उरल्या होत्या. दिवाळीत दुकानदाराने यांची घंगाळं परत पाठवली. म्हणे, मशीनची बरी. त्या दिवशी हे ताटावर बसून म्हणाले होते, "वरच्या मजल्यावरच्या पोरीचं काम आलंय. तेही परत आलं, तर हत्यारं मोडीत." आणि हे बोललेलं करणारे होते.

पोरीचं काम तसं जगावेगळंच होतं. तिच्या कॉलेजची मुलं छोटासा उपग्रह बनवत होती. अंतराळात आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे, हे त्याला कळायला हवं. मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांचे संकेत या छोट्या उपग्रहाच्या चार अँटेनांपैकी एकीला आधी पोचतात, दुसरीला किंचित उशिरा. त्या फरकावरून तो दिशा ओळखणार. त्याच अँटेना या पत्र्यावर बसवून आधी गच्चीत चाचणी घ्यायची होती.

उत्कर्षाने सरांना फोन लावला. रंगनाथ कबुतरांकडे बघत उभे राहिले. द्वारकाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"आजोबा!" फोन ठेवून ती हसली. "चालतंय! सर म्हणाले, त्या सिग्नलची लाट वीतभर लांब असते. तुमचे ठोके तिला जाणवतसुद्धा नाहीत."

"जाणवत नाहीत?" रंगनाथांना ते लागलंच.

"अहो, चांगलं म्हणतेय ती," द्वारकाबाई म्हणाल्या आणि कितीतरी वेळाने त्यांनी मोकळा श्वास घेतला.

अँटेना बसल्या. पत्रा स्टुलावर ठेवला. लॅपटॉपवर एक बाण उगवला आणि उत्तरेकडे तोंड करून शहाण्यासारखा उभा राहिला.

"आता तुम्ही हातात धरा, आजोबा. वळवाल तिकडे बाण वळेल."

रंगनाथांनी पत्रा उचलला. नदीकडे केला, बाण नदीकडे. शनिवारवाड्याकडे केला, बाण तिकडे. लहान मुलासारखे हसले ते.

"आता तसेच थांबा, फोटो काढते," उत्कर्षा म्हणाली. मग ती पडद्यावर वाकली. "हा बाण का थरथरतोय? स्टुलावर तर स्थिर होता."

रंगनाथ पडद्याकडेच बघत राहिले. हातांकडे त्यांनी पाहिलं नाही.

द्वारकाबाई उठल्या, त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि पत्र्याची दुसरी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मलाही येऊ दे की फोटोत," त्या म्हणाल्या.

बाण थांबला.