एका हृदयावर दोघं

जुळं आहे हे कळलं तेव्हा रंजिताच्या नावडे गावातल्या घरी पेढे वाटले गेले होते. अकराव्या आठवड्यात सोनोग्राफीत कळलं, एकाचे ठोके नाहीत. ते गेलं. रंजिता महिनाभर त्याच्यासाठी रडली. सोळाव्या आठवड्यात पुन्हा तपासलं, तर गेलेलं बाळ वाढलेलं होतं.

तिला नेरूळला पाठवलं. पोटातल्या बाळांचे आजार बघणाऱ्या डॉक्टर गीतांजली बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. रंजिताचा नवरा तेजस शेजारी बसला होता, सासू काशी दाराजवळ उभी.

“या दुसऱ्याला हृदय नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “डोकंही नाही. थोडा कणा आणि दोन पाय, एवढंच.”

“मग वाढतंय कसं?” तेजसने विचारलं.

“दोघांना पोसणारी वार एकच आहे. पहिल्या बाळाचं हृदय त्यालाही रक्त पुरवतंय.”

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. वाटाण्याएवढं काहीतरी भराभर उघडमीट करत होतं.

“येवरासा जीव,” काशी पुटपुटली, “नि दोघांना पोसतंय?” तिने नकळत हात जोडले.

पण ते हृदय थकत चाललं होतं. असंच राहू दिलं तर बहुधा दोन्ही जातील. सुई घालून दुसऱ्याचा रक्तपुरवठा बंद करता येतो, पण त्यात पाचातल्या एका वेळी पहिलंही जातं. नाहीतर गर्भपात, कायद्यात बसतो. “तुम्ही काहीही ठरवलं तरी मी सोबत आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “फक्त आठवड्याच्या आत सांगा.”

“सुई,” गाडीत बसताच तेजस म्हणाला. “यात विचार कसला करायचा?”

“त्याचे पाय हलताना पाहिलेत मी.”

तेजसने गाडी सुरू केली. घरी आल्यावर रंजिताने सासूला विचारलं, “आय, तू काय केलं असतंस?”

“मना नाय ठावं, पोरी. पाच बाळंतपनां झाली माजी, पन आत काय चालतं ते आज पयल्यांदा बघितलं.”

चौथ्या दिवशी रंजिता एकटीच नेरूळला गेली.

“त्याला दुखेल का?”

“दुखणं कळायला मेंदू लागतो. त्याला तो नाही.”

“आणि राहू दिलं, तर जन्मल्यावर जगेल?”

“नाळ कापल्यावर नाही जगणार.”

तिने ठोके ऐकवायला सांगितले. खोली त्या आवाजाने भरून गेली. मिनिटाला दीडशे. रंजिता श्वास रोखून ऐकत राहिली. हे तिच्याच आत चाललं होतं, आणि ना तिला कुणी विचारलं होतं, ना त्या बाळाला कुणी शिकवलं होतं.

“एवढे दिवस दोघांचं ओढलं त्याने,” ती म्हणाली. “आता सोडवा त्याला.” मग जरा थांबून, “उद्या कुणी म्हणालं, आईनेच मारलं, तर?”

“म्हणतील. मीही कधीकधी स्वतःला तेच विचारते,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि तरी सुई हातात घेते.”

शुक्रवारी सुई घातली. पोटाचा तेवढा भाग बधिर केला होता. रंजिता जागी होती. पडद्यावर दुसऱ्या बाळाकडे जाणारी लाल रेघ बारीक होत गेली, मग दिसेनाशी झाली. पहिल्याचे ठोके मंदावले. डॉक्टर, नर्स, कुणीच हललं नाही. पाच, सहा, सात सेकंद. मग ठोके पुन्हा धावू लागले. नर्सने मास्कवरून डोळे पुसले.

छत्तिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, दोन किलो शंभर ग्रॅम. वारेबरोबर दुसरंही आलं, सुकलेलं, मुठीत मावेल एवढं. नर्स ट्रे बाजूला नेत होती.

“दाखवा,” रंजिता म्हणाली. तिने पाहिलं, एका बोटाने स्पर्श केला, आणि मान हलवली.

काशीने आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात ते गुंडाळलं. शेताच्या बांधावर तेजस खड्डा खणायला लागला, पण त्याला फावडं धरवेना. ते काशीने घेतलं.

तो दवाखान्यात परत आला तेव्हा मुलगी पहिल्यांदाच नीट दूध ओढत होती.

“झालं?” रंजिताने वर न बघता विचारलं.

“झालं.” तो पलंगाच्या कडेला टेकला, आणि पोरीच्या घशाखाली घोट उतरताना बघत राहिला.