जावयाची मच्छरदाणी

फुलसावंगीच्या तानाबाईंनी माहेरच्या वांग्याचं उरलंसुरलं चिमूटभर बियाणं परसातल्या वाफ्यात टाकलं. रोप वर येताच गावभरच्या नाकतोड्यांना जणू आवतणच गेलं, आणि त्यांच्यातून वाचेल ते कोंबड्या टोचू लागल्या. माहेरीही आता ते वांगं कुणी लावत नव्हतं. हे रोप गेलं की ते वांगंच गेलं, म्हणून बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यात धोंड्याचा महिना. लेक इंदू आणि जावई मारोतराव यवतमाळहून जेवायला आले. मारोतराव कापसाच्या जिनात कारकून. उन्हाळ्यात जिन बंद, म्हणून सवडच सवड. सोबत त्यांनी स्वतःची मच्छरदाणी आणली होती, पांढरीशुभ्र, बारीक जाळीची. बाईंचा जीव तिच्यावर बसला. पण मागणार कशी? धोंड्याच्या महिन्यात जावयाला द्यायचं असतं. त्याच्याकडून घेणं म्हणजे पाप.

बाईंनी डोकं लढवलं. परसात वारा गार लागतो असं सांगून जावयाची बाज थेट वाफ्यावर मांडली आणि मच्छरदाणी चहूबाजूंनी मातीपर्यंत सोडली. वर जावई, खाली वांगी. दिवसाही त्यांनी तिथेच लोळावं म्हणून रोज पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार. मारोतराव निघतो म्हणाले की बाई डोळ्यांना पदर लावत. सासूची माया पाहून जावई विरघळले आणि राहिले. गाव तोंडात बोट घालून बघत होतं.

रोपं तरारली. जावईही तरारले. बाजेची दोरी मात्र रोज थोडी खाली येऊ लागली. एका दुपारी बाईंनी वाकून पाहिलं, तर जावयाची पाठ शेंड्यांना टेकत होती. ताटात वाढावं तर रोप चिरडतं, न वाढावं तर जावई मच्छरदाणीसकट जातात. शेवटी बाई जावयाला सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

मारोतराव उतरले, बाजेखाली डोकावले. त्यांचा चेहरा पडला.

"म्हंजे ते तूप वांग्यासाठी होतं?"

"खोटं कायले बोलू, जवाईबापू. पयल्या दिवशी तुमच्यासाठीच होतं."

त्यांनी पिशवी भरली, इंदूला हाक मारली. मच्छरदाणी तशीच वाफ्यावर. बाई ती सोडायला धावल्या. घेतली तर पाप लागेल म्हणाल्या.

"मी कुठं देऊन राह्यलो, मामी? मी इसरून जाऊन राह्यलो," मारोतराव म्हणाले. "वांगे लागले की न्यायले येतो. फक्त पलंग लोखंडी ठेवा."