चमचाभर कढत बी

खामपेंगने त्या दिवशी विहारात अष्टशील, म्हणजे जीव न मारण्यापासून दुपारनंतर न जेवण्यापर्यंतचे आठ नियम, धरलं होतं, आणि नेमकं त्याच दिवशी पशुखात्याच्या बाईंनी तिला बियांवर उकळतं पाणी ओतायला सांगितलं.

"या स्टायलोच्या बीचं कवच फार चिवट असतं, मावशी. कढत पाणी ओता, जरा वेळाने निथळा, मग गिनी गवताच्या बियांत मिसळून फेका. नुसत्या गवतावर गाईचं पोट भरतं, अंग भरत नाही. ही शेंगेची जात सोबत हवीच."

शीलाच्या दिवशी खामपेंग डासालासुद्धा फुंकर घालून उडवायची. जित्या बियांवर उकळतं पाणी! पण बाई शिकलेल्या, त्यांचाही शब्द मोडवेना. मग तिला विहारातली रीत आठवली. बीत जीव असतो, म्हणून भिक्खू बी असलेलं फळ तसंच खात नाहीत. दान करणाऱ्याने एका संत्र्याला सुरीचं टोक लावलं, की त्याला टेकलेली सगळी रास चालते. चाळीस वर्षं ती हे करत आलेली. तिने चमचाभर बी कढत पाण्यातून काढलं, बाकीच्या राशीला टेकवलं, हात जोडले आणि पेरून मोकळी झाली.

गवत पुरुषभर वाढलं. स्टायलोची रोपं मात्र एकवीस. तिने मोजली.

तिने भन्तेंना सगळं सांगितलं. म्हातारे भन्ते हसून हसून खोकले. "खामपेंग, ती रीत आमच्या जिभेसाठी गं. बियांना कुणी कळवलं होतं?"

तिच्या नवऱ्याला, बुनमाला, आयतंच निमित्त मिळालं. त्याला मेहुण्याचं नांगरायचं यंत्र हवं होतं. गावात त्याला लोखंडी रेडा म्हणत. बदल्यात मेहुणा दोकफाय गाय मागत होता.

"उन्हाळ्यात फासळ्या मोजायलाच बरी आहे तुझी दोकफाय."

"तुमच्या रेड्याला कान खाजवून घ्यायची आवड आहे का हो?"

"त्याला कानच नाहीत. शिवाय चारा मागत नाही."

"डिझेल मागतो."

बुनमा घुटमळला. "भाताच्या नांगरटीपर्यंत थांबतो. तोवर तुझा स्टायलो वर आला नाही, तर गाय गेली समज."

खामपेंग रोज पहाटे भिक्षेचा भात वाढून थेट रानात जायची. वाळलेलं गवत हाताने बाजूला करून बघायची. एकवीस ते एकवीसच.

वैशाखात अग्निबाणांची जत्रा भरली. पावसाच्या राजाला जाग यावी म्हणून गावोगावचे लोक बांबूच्या नळ्यांत दारू ठासून आभाळात सोडतात. बुनमाचा बाण ताडाएवढा चढला, तिथे जरा विचार केल्यासारखा थांबला, वळला आणि सरळ खामपेंगच्या वाळक्या गवतात जाऊन पडला.

ज्याचा बाण फसेल त्याला चिखलात लोळवायचं, असा तिथला नियम. त्यामुळे गवत धडधडून पेटलं तेव्हा बुनमा नाकापर्यंत चिखलात होता आणि चार जण त्याच्यावर बसले होते. "अरे, सोडा! जळतंय!" तो ओरडला.

"जळू दे, आधी बुड!" ते म्हणाले.

खामपेंग बांधावर नुसती उभी राहिली. कढत पाण्यातून वाचवलेलं बी अख्खंच्या अख्खं सरणावर गेलं होतं.

राजा मात्र जागा झाला. त्याच आठवड्यात तीन सरी पडल्या. दहाव्या दिवशी मेहुणा लोखंडी रेडा फटफटवत दारात आला. खामपेंगने दोकफायच्या गळ्याला दोर बांधला. "एकदा तिला तिचं रान दाखवते," म्हणाली. पुरुष मागोमाग निघाले.

काळ्या राखेतून गवताच्या बुंध्यांना हिरवे कोंब फुटले होते. आणि त्या बुंध्यांच्या मधून, या बांधापासून त्या बांधापर्यंत, तीन-तीन पानांची स्टायलोची इवली रोपं उभी होती.

खामपेंगने तिथूनच बाईंना फोन लावला. "विस्तवाने कवच तडकलं असेल, मावशी! बी मेलं नव्हतं, नुसतं निजलं होतं."

बुनमाची छाती फुगली. "म्हणजे माझ्याच बाणाने गाय राखली!"

"राखली हो," खामपेंग हळूच म्हणाली. "पण जाळण्याचं पाप तुमचं. पुढच्या शीलाच्या दिवशी अष्टशील तुम्हीच धरायचं. दुपारनंतर जेवण नाही."

बुनमाचा चेहरा पडला. तो उकिडवा बसून रोपं मोजू लागला, बावीसवर पोचला आणि उठून मेहुण्याला परत जायची खूण केली. मेहुण्याने यंत्र वळवलं. दोकफायने जाता जाता यंत्राची बैठक चाटून पाहिली आणि नाक मुरडलं.