अठरा नंबरच्या दोन फायली

नवरा-बायको दोघंही प्रोग्रामर. एकाच घरातल्या दोन खोल्यांत बसून एकच वेबसाइट बांधत होते आणि परवापासून एकमेकांशी बोलत नव्हते. त्याने तिचा कोड तिला न विचारता सुधारला होता. तेव्हाच तिने फतवा काढला, "यापुढे ज्याने त्याने आपल्याच फायलींना हात लावायचा."

वेबसाइट नणंदेच्या जनावरांच्या दवाखान्याची. प्रत्येक जनावराचं वजन नोंदवायची सोय हवी, असं नणंदेने दोघांना वेगवेगळे फोन करून सांगितलं. दोघांनीही मुकाट्याने मायग्रेशनची फाईल लिहिली, म्हणजे डेटाबेसला सूचना: जनावरांच्या टेबलात वजनाचा कॉलम वाढव. आधीची फाईल सतरा नंबरची, म्हणून या दोन्ही अठरा. तिने आपली काल सर्व्हरवर चालवली. आज सकाळी त्याने आपली चढवली आणि दोन अठरा बघून साइट चालवणारं फ्रेमवर्क अडून बसलं. साइट बंद. लगेच तिला नणंदेचा फोन आला.

"वहिनी, काहीतरी कर गं! बाहेर बाकं भरलीत, एक बोका कपाटावर चढून बसलाय आणि कोणाला काय औषध चालू आहे तेच मला दिसत नाहीये. दादा कुठाय?"

"शेजारच्या खोलीत. तूच विचार त्याला."

आपण आधी बोलायचं? छे. तिने आपलीच अठरा पुसून टाकली. राहू दे त्याची, मोठ्या मनाने.

पलीकडे त्यालाही नेमका तेव्हाच मोठेपणा सुचला होता.

आता एकही अठरा उरली नाही. फ्रेमवर्क काल चाललेली अठरा शोधतंय आणि ती फाईलच गायब, साइट बंदच. तिने चडफडत नवी लिहून चालवली. उत्तर आलं: कॉलम आधीपासूनच आहे. असणारच, काल तिनेच बनवला होता.

फोन पुन्हा वाजू लागला. ती फोन घेऊन तरातरा उठली आणि तिने शेजारच्या खोलीचं दार ढकललं.

"तुझी अठरा कुठाय?"

"पुसली. तुझी राहावी म्हणून."

"अरे, मी माझी पुसली!"

"मला काय स्वप्न पडणार होतं?"

"विचारायला तोंडाला कुलूप होतं?"

"किल्ली तुझ्याकडे होती, बाईसाहेब."

तिला हसू फुटलं. ते लपवायला तिने खुर्ची ओढली. "सरक. बॅकअपमधून माझी जुनी अठरा परत आण. ती चालल्याची नोंद सर्व्हरकडे आहे, तो पुन्हा चालवायला जाणार नाही."

"तुझी फाईल आहे. लावू हात?"

"लाव."

साइट सुरू झाली. तिने फोन स्पीकरवर घेतला, नणंदेचा आवाज खुलला. "दिसलं सगळं! आता एवढंच सांगा, वजन कशात भरू?"

"किलोत," ती म्हणाली.

"ग्रॅममध्ये," तो म्हणाला, त्याच क्षणी.

त्याने फोनवर हात ठेवला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. "बोल. आधी तू."