झोप, एक नग, वापरलेली

मंदाबाई ढोके यांची झोप एप्रिलच्या दोन तारखेला दुपारी सव्वादोनला सरकारजमा झाली. झाली ती अगदी रीतसर. ‘तांब्याचे भांडे, एक नग, मातीचे माठ, सहा नग, भाजलेली कॉफी, अर्धे पोते’ याच्या खाली निरीक्षक धर्माळे यांनी ठसठशीत अक्षरात ‘झोप, एक नग, वापरलेली’ असं लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या, गाठोडं बांधलं, गाठीवर लाख ओतून शिक्का मारला आणि मग बाईंना उठवलं. बाई शेडमधल्या बाजेवर लवंडल्या होत्या. अर्धवट जागं झालेलं माणूस पुढे येईल त्या कागदावर सही करतं, तशी त्यांनी केली. वाचलं काही नाही. त्याला आज एकेचाळीस दिवस झाले, आणि एकेचाळीस दिवसांत त्यांच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही.

आता गुन्हा काय, तर चिखलदऱ्याच्या उतारावर ढोक्यांचा कॉफीचा लहानसा मळा आहे. कॉफी विकायचा परवाना बाईंकडे होता. मोहाची दारू गाळायचाही होता. दोन्ही परवाने शेडच्या भिंतीवर काचेत लावलेले होते आणि धर्माळ्यांनी त्यांच्याच खाली उभं राहून पंचनामा लिहिला. पण बाई भाजलेली कॉफी सात दिवस मोहाच्या दारूत भिजत घालायच्या, आणि घोडं तिथं अडलं. नवीन नियम असा होता की पेयाने माणसाला एक तर झोपवावं, नाही तर जागवावं. दोन्ही एकदम करायचं नाही. बाईंची बाटली नेमकं तेच करायची. घोटभर घेतली की डोळे मिटत आणि समोरचं सगळं दिसत राही.

हा शोध बाईंच्या यजमानांचा, दामोदररावांचा. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. तरी रोज दुपारी जेवणानंतर बाई आडव्या झाल्या की दामोदरराव झोपेत हजर असत आणि चुलीवर कढई ठेवून कॉफी भाजत. त्यांना तरुणपणापासून वास येत नसे. त्यामुळे बी नीट भाजलं की ‘उतरवा’ म्हणायचं काम बाईंचं, हा त्या संसाराचा ठरलेला रिवाज होता. तीस वर्षं तो पाळला गेला आणि नंतरची तीन वर्षं झोपेतही. दोन एप्रिलला कढई नुकतीच चढली होती, बी जेमतेम पिवळं पडत होतं, आणि धर्माळ्यांनी बाईंचा खांदा हलवला. म्हणजे दामोदरराव अजून तिथेच होते, भाजतच होते, आणि ‘उतरवा’ म्हणायला कोणी नव्हतं. बाईंचा जीव टांगणीला लागला होता तो झोपेपेक्षा यासाठी.

जिल्ह्याच्या गावी एका इमारतीत दोन कार्यालयं समोरासमोर आहेत. एक मादक पेयांचं, दुसरं उत्तेजक पेयांचं. पहिल्या दिवशी दोन्हींच्या मधला बोळ सात पावलांचा होता. बाईंनी मादकवाल्यांकडे अर्ज दिला, त्यांनी समोर बोट दाखवलं, आणि बाई वळल्या तर बोळ एका खोलीइतका लांबला होता. समोरच्यांनी उलटं बोट दाखवलं. तेव्हा आणखी एक खोली. अर्जागणिक बोळ एका खोलीने वाढे, आणि बाईंनी अर्ज तरी किती दिले! आता या टोकाकडून त्या टोकाला जायला पाऊण तास लागायचा. बोळाच्या बरोबर मध्ये मालखान्याचं दार होतं, कारण मालखाना कोणत्याच कार्यालयाला आपला वाटत नव्हता. त्याच्या बाजूला नत्थूजी सोळंके यांनी चहाची टपरी थाटली होती.

नत्थूजी म्हणजे त्या पंचनाम्यातला पहिला पंच. कुठेही धाड पडली की खात्याची जीप आधी नत्थूजींना चहाच्या गाड्यावरून उचलायची. बावीस वर्षांत त्यांनी एकही कागद वाचला नव्हता.

"मले काय ठाऊक थे तुमची झोप व्हय म्हून," त्यांनी बाईंपुढे कप ठेवत एकेचाळिसाव्यांदा सांगितलं. "सायेब म्हने सही करा, मी केली."

"वाचाचं नाई का जी?"

"तुमीबी कुठी वाचलं, बाई?"

बाईंना जास्तच चीड आली. चहा तसाच ठेवून त्या उत्तेजक कार्यालयाकडे चालू लागल्या.

तिथे आज तपासणीचा अहवाल आला होता. नमुना म्हणून झोपेचा चतकोर कापून प्रयोगशाळेला पाठवला होता. खिडकीतल्या मॅडमनी चष्मा पुसून तो वाचला.

"झोपेत स्वप्न आढळलंय. लेबलवर उल्लेख का नाही?"

"मॅडम, झोपीले कोनी लेबल लावते का?"

"स्वप्नात एक व्यक्ती आढळली. पुरुष, वय साठच्या आसपास, कामात व्यग्र. घटक म्हणून दाखवायला हवी होती."

"थे माहे मालक व्हय."

"मालक तुम्ही आहात ना? परवाना तुमच्या नावावर आहे."

"नवरा, बाई, नवरा!" मंदाबाई इतक्या जोरात ओरडल्या की खिडकीवरची टाचणीची डबी सांडली. मॅडमनी एकेक टाचणी शांतपणे उचलली, अहवालाला एक टोचली आणि तो परत दिला. मालखान्यातून पोच भरून माल घेऊन जा, म्हणाल्या. बाईंचा कानांवर विश्वास बसेना. त्या पाऊण तासाची अर्धी वाट जवळजवळ पळतच परतल्या. नत्थूजींनी त्यांचा चेहरा पाहिला आणि टपरीवर फडकं टाकून तेही मागे निघाले.

मालखान्याचे कारकून लव्हाळे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली. मागच्या रॅकवर बाईंचं गाठोडं होतं, एक कोपरा कापलेलं. ते सावकाश वरखाली होत होतं. शेजारी त्यांचीच बाटली उभी होती, नमुना म्हणून लाखेने बंद केलेली. बाई पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा गाठोड्यातून चांगल्या भाजल्या कॉफीचा वास येत होता. मागच्या आठवड्यात तो कडवट झाला होता. आज गाठीतून धूर येत होता.

"जलून रायली थे," बाई म्हणाल्या. "लवकर करा, भाऊ."

लव्हाळ्यांनी पोचपावती पुढे केली. "मालात उतरून व्यक्तीची ओळख पटवायची. आणि ही पोच जागेपणी, पूर्ण शुद्धीत, आपल्या हाताने भरायची. दोन्ही एकाच वेळी."

"एकाच वेळी?"

"आधी भरली तर न पाहता भरली, असं होतं. नंतर भरली तर आठवणीवरून भरली, असं होतं."

"मी आत झोपीन, तं भायेर लिहीन कशी?"

"हा प्रश्न आमच्याकडे येत नाही."

मंदाबाईंना वाटलं, हे टेबल उचलावं आणि त्या लांबलचक बोळातून फरफटत न्यावं, दोन्ही कार्यालयांच्या दारांवर आपटावं. पण एकेचाळीस दिवस जागं असलेल्या माणसात टेबल उचलायचं बळ नसतं. त्या नुसत्या बसल्या आणि रडायला लागल्या. दुःखाने नाही, निव्वळ रागाने. लव्हाळ्यांनी पोच ओली होऊ नये म्हणून जरा अलीकडे ओढली.

नत्थूजी दारात उभे होते. "बाई," ते हळूच म्हणाले, "धाडीच्या दिवशी मी तुमच्या बाटलीतला घोटभर घेतला होता. डोये झाकले होते अन् समदं दिसत होतं. सही मी तशीच केली."

तिघांनीही रॅकवरच्या बाटलीकडे पाहिलं.

लव्हाळ्यांनी नियमांचं पुस्तक काढून दोन पानं चाळली. "बंद नमुना पंचासमक्ष उघडता येतो," ते म्हणाले. "पिण्याबद्दल नियम नाही. नमुना कोणी पीत नाही म्हणून केला नसेल."

"पंच हजर हाये," नत्थूजी म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांनी कागद मागून घेतला, वाचला आणि मग सही केली. लाख फुटली. मंदाबाईंनी उजव्या हातात पेन धरलं, गाठोडं मांडीवर घेऊन त्याची गाठ सोडली, बाटली तोंडाला लावली आणि डोळे मिटले.

शेड धुराने भरली होती. दामोदरराव चुलीपाशी पाठमोरे बसून झारा फिरवत होते. कढईतलं बी काळं ठिक्कर पडलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. दुसऱ्या बाजूला टेबल, पोच, लव्हाळ्यांचा झाकण घातलेला पाण्याचा पेला, हेही सगळं बाईंना तितकंच स्वच्छ दिसत होतं.

"मंदे," दामोदरराव मागे न पाहता म्हणाले, "आज लय येळ लावला वं. हात भरून आले माहे."

बाईंनी ‘उतरवा’ म्हणायला तोंड उघडलं.

"आधी कागद," लव्हाळे म्हणाले. "ओळख पटली?"

"पटली."

"मग शेवटचा रकाना. व्यक्ती हयात, तिरपी रेघ, मयत. लागू नसेल ते खोडा."

पेन कागदावर टेकलं, आणि थांबलं. "खोडल्यावर काय व्हते?"

"मयत असेल तर झोप तुमची, आत्ता घेऊन जा. व्यक्ती मालातून वजा होईल, मयताला घटक धरत नाहीत. हयात असेल तर व्यक्ती आहे तिथेच राहील. पण हयात माणूस दुसऱ्याच्या झोपेत राहतो म्हणजे त्याचा स्वतंत्र परवाना लागतो. तोवर माल इथेच. समोर अर्ज करावा लागेल."

"कोन्या समोर?"

"दोन्हीकडे."

बाहेर बोळ करकरला. वाट पाहत असल्यासारखा तो एका खोलीने लांबला आणि दारातले नत्थूजी बरेच लहान दिसू लागले.

"बाई, लिवा नं कायतरी," ते तिकडून ओरडले. "बाटली उतरली का मंग हातबी झोपते!"

बोटं जड व्हायला लागलीच होती. पेनाचं टोक दोन शब्दांमधल्या तिरप्या रेघेवर होतं, ना इकडे ना तिकडे. कढईतून पहिली ठिणगी उडाली. दामोदररावांनी झारा थांबवला, कपाळाचा घाम दंडाला पुसला आणि एकेचाळीस दिवसांत पहिल्यांदा मान वळवून बाईंकडे पाहिलं.

"सांग नं वं," ते म्हणाले. "उतरवू?"

पेन सरकायला लागलं.