पुलावरची मुलगी

शाळा उघडायच्या आधीचे दिवस म्हणजे टेलर मास्तरांना मान वर करायला फुरसत नसायची. दुकानात पाय ठेवायला जागा नसे. खुंट्यांवर, दोरीवर, मशीनच्या पाठीमागे, सगळीकडे निळे गणवेश. गल्लीतल्या एकूण एक पोराची उंची त्यांना तोंडपाठ होती. पण त्या वर्षी स्वतःच्या लेकीचं माप काही ते घेत नव्हते.

लेक सातवी पास झाली होती, चांगल्या मार्कांनी. गल्लीतली शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा कालव्यापलीकडे, आणि कालव्यावर तो पूल.

पुलाचं नाव निघालं की त्या गल्लीत बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली यायचा. बऱ्याच वर्षांपूर्वी लाकडाच्या वखारीत काम करणाऱ्या कामगाराची थोरली मुलगी तिथून पडून बुडाली होती. शाळेत जाताना, असं सगळे सांगत. तिच्या आधी तिचं दप्तर सापडलं होतं, पाण्यावर तरंगताना. तेव्हापासून धुक्याच्या सकाळी ती पुलावर दिसते, असं म्हणत. निळा गणवेश, पाठीला दप्तर, वेण्या ओल्या. दूधवाल्याने पाहिली होती. मास्तरांनीही एकदा पाहिली होती. ती कुणाला काही करत नसे. कठड्यापाशी उभी राहून पलीकडच्या काठाकडे नुसती बघत असे. ते बघणंच मास्तरांच्या काळजात रुतून बसलं होतं.

मग सातवी झाली की एकेक मुलगी घरी बसू लागली. कुणी ठराव केला नव्हता की दवंडी पिटली नव्हती. "त्या पोरीचं काय झालं ठाऊक आहे ना?" एवढं म्हटलं की आईबापांचं तोंड बंद आणि मुलीचंही.

याला आडवी गेली ती एकच जण. तीही त्याच घरातली, बुडालेल्या मुलीची धाकटी बहीण. आता ती कॉलेजात शिकत होती आणि रोज सकाळी आधी दारोदार हिंडून मुली गोळा करायची, त्यांना पूल ओलांडून शाळेत पोचवायची. मुली उरल्या होत्या तीन. गल्लीने तिचं नाव ठेवलं होतं 'सभापती'. तिच्या खिडकीच्या काचा दोनदा फुटल्या होत्या. बाप तर तिच्याशी बोलायचाच बंद झाला होता.

अशाच एका सुट्टीच्या दुपारी ती मास्तरांच्या दुकानाची पायरी चढली. आत मास्तरांची थोरली बहीण, आक्का, बटणं लावत बसली होती. बाकावर तीन-चार माणसं गप्पा छाटत होती. आणि कोपऱ्यात, शर्टाची कॉलर उलटून घ्यायला आलेला तिचा स्वतःचा बाप होता. त्याने मान फिरवली.

"या सभापती," आक्का म्हणाली. "आज कुणाच्या घरात वाद लावायचा विचार आहे?"

"तुमच्याच, आक्का. बाकीची घरं संपली." ती हसली आणि मास्तरांकडे वळली. "मास्तरकाका, हिचं नाव कधी घालताय शाळेत?"

आतल्या दाराच्या पडद्याआड मास्तरांची लेक उभी होती. तिची पावलं तेवढी दिसत होती. मास्तरांनी मशीनचं चाक हाताने उगाच फिरवलं.

"बघू," ते म्हणाले.

"बघू काय?" आक्काने दोरा दातांनी तोडला. "एकुलती एक पोर आहे. शिवण शिकेल, घरात सुखाने राहील. शिकून कुठे दिवे लावायचेत?"

"घरातच लावायचेत, आक्का. अंधार तिथेच जास्त आहे."

बाकावरचा एक जण खुदकन हसला आणि आक्काने बघताच गप्प झाला.

"तोंड चालतं बरं का तुझं," आक्का म्हणाली. "पण ज्या घराने पोर गमावली त्या घरातल्या मुलीने तरी हे करू नये. तुझी बहीण शाळेच्या पायी गेली. अजून तिच्या जिवाला शांती नाही. गणवेश घालून उभी असते बिचारी. का असते? सांगायलाच ना, की बायांनो, इकडे येऊ नका."

तिने एक क्षण बापाकडे पाहिलं. मग दोरीवरचा एक गणवेश हातात घेतला.

"काका, ताईचा गणवेश तुम्हीच शिवला होता ना?"

"गल्लीतले सगळे मीच शिवतो."

"तो नंतर आईने तुमच्याकडे परत आणला होता. आठवतं?"

मास्तर आठवू लागले. शिंप्याच्या हाताखालून किती कपडे जातात, पण हात विसरत नाहीत. खिशापाशी शाईचा डाग होता. तो आतल्या शिवणीत जावा म्हणून त्यांनी दोन्ही बाजू उसवून पुन्हा बेतल्या होत्या. समोर तिची आई उभी होती. 'थोरलीला आता नको, धाकटीला होईल असा करून द्या,' असं म्हणाली होती. आणि आईच्या पदराआड थोरली होती. जिवंत. स्वतःचा गणवेश कापला जाताना टक लावून बघणारी.

मास्तरांच्या हातातलं चाक थांबलं.

"ती होती," ते हळूच म्हणाले. "मी कापला तेव्हा ती इथे उभी होती."

"हो. तिला शाळेतून काढलं होतं. सातवीनंतरच. तिचा गणवेश मी घातला, तो विरेपर्यंत घातला." ती आक्काकडे वळली. "मग आक्का, ती पुलावर कुणाचा गणवेश घालून उभी असते?"



"गप्प बस," तिचा बाप कोपऱ्यातून म्हणाला. "घरची लक्तरं रस्त्यावर टांगू नकोस."

"बाबा, इतकी वर्षं गप्पच आहोत आपण. आपण गप्प राहिलो म्हणून लोकांनी स्वतःच गोष्ट रचली. दप्तर दिसलं म्हणून म्हणाले, शाळेत चालली होती. दप्तरात पुस्तक नव्हतं. तुमचा डबा होता."

आता हा उठणार आणि पोरीवर हात टाकणार, असं सगळ्यांना वाटलं. तो उठलाही. पण दोन पावलं पुढे आला आणि कापडाच्या गठ्ठ्यावर मटकन बसला.

"उशीर झाला की मी ओरडायचो," तो म्हणाला. जमिनीकडे बघूनच बोलत होता. "वखार पुलापलीकडे, जेवणाची सुट्टी थोडी. म्हणून ती धावत यायची. कठडा मोडलेला होता, सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी मी भोंगा होईपर्यंत वाट पाहिली. मनातल्या मनात तिला शिव्या देत होतो."

लेक त्याच्याजवळ जाऊन बसली. किती वर्षांनी बाप तिच्याशी बोलला होता, आणि बोलला तो हे!

मग तीच म्हणाली, "मला बाबांना उघडं पाडायचं नव्हतं. पण तिच्या नावावर किती मुली घरी बसवल्या आपण. ती शाळेने मेली नाही. तिला शाळेतून काढलं म्हणून ती त्या वेळी त्या पुलावर होती. आणि तो कठडा अजून तसाच आहे. त्याला खिळा मारायचं कुणाच्या मनात आलं नाही. मुलींना घरी बसवणं सोपं पडलं."

आक्काच्या हातातली सुई तशीच राहिली होती. "मला वाटायचं ती घाबरवायला येते," ती पुटपुटली.

"तिला पलीकडे जायचं होतं, आक्का. एवढंच."

मास्तर मापाची टेप घेऊन उठले. त्यांनी पडदा बाजूला सारला आणि लेकीला म्हणाले, "ये, अशी उजेडात ये." त्यांना वाटलं होतं ती रडत असेल. पण ती गठ्ठ्यावर बसलेल्या त्या म्हाताऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, कीव होती.

शाळेच्या पहिल्या दिवशी धुकं होतं. मास्तर लेकीबरोबर निघाले. पुढे सभापती आणि तिच्या मुली. आता सहा झाल्या होत्या. पुलाच्या मध्यावर मास्तर थबकले. कठड्यापाशी त्यांना ती दिसली, की दिसल्यासारखी वाटली, कोण जाणे. या वेळी ती साध्या घरच्या झग्यात होती. त्यांनी नजर चुकवली नाही.

"बाबा," लेकीने विचारलं, "ती शिकली असती तर काय झाली असती?"

"ठाऊक नाही, बाळ."

"कुणी विचारलंच नाही का तिला?"

"नाही," मास्तर म्हणाले. "मीही नाही. तिचा गणवेश कापताना ती माझ्या समोर उभी होती."

मुली पलीकडे पोचल्या, धुक्यात दिसेनाशा झाल्या, तरी त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मास्तर ते विरेपर्यंत उभे राहिले.

बायांनो, बाप्यांनो, आपल्याही गल्लीत असा एखादा पूल असेल आणि त्यावर अशी एखादी मुलगी उभी असेल. तिच्या नावाने आपल्या लेकीला घरी बसवण्याआधी एवढंच विचारा, ती खरंच कशाने गेली? जी मुलं आपण गमावली त्यांचा धाक दाखवून जिवंत मुलांच्या वाटा बंद करणं, ही काही माया नव्हे. वाट धोक्याची असेल तर वाट दुरुस्त करायची असते. मुलीला बंद करायचं नसतं.